पॅकेटचा ताबा या घडीला कोणाकडे? नेटवर्क ड्रायव्हर लिहिणाऱ्या तरुणाला सविस्तर उत्तर

नांदेडहून एका तरुण अभियंत्यानं विचारलंय: ‘सर, वाळूजच्या एका कारखान्यासाठी आम्ही बोर्ड बनवतोय. त्यातल्या एफपीजीएत आमचाच गिगाबिट इथरनेट मॅक आहे. पाठवायला 16 डिस्क्रिप्टरांची रिंग, घ्यायला 32 ची. लिनक्सचा ड्रायव्हर मी लिहिलाय. पिंग छान चालतो. आयपर्फनं दोन्ही बाजूंनी भार टाकला की कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी पाठवणं बंद पडतं आणि लॉगमध्ये वॉचडॉगची ओळ येते, ट्रान्समिट क्यू 0 टाइम्ड आउट. अधूनमधून शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक येतं. मॉड्यूल काढताना तर कर्नलच कोसळतो. मदतीची फंक्शनं शंभरभर दिसतात. कोणती, कधी, कोणत्या क्रमानं वापरायची?’ सोबत कोड आणि लॉग जोडलाय. (इतर वाचकांसाठी: एफपीजीए म्हणजे आतली जोडणी आपण ठरवायची चिप. मॅक म्हणजे तारेवर चौकटी पाठवणारा-घेणारा हार्डवेअरचा भाग. डिस्क्रिप्टर म्हणजे पॅकेट मेमरीत कुठे आहे, किती लांब आहे हे मॅकला सांगणारी नोंद; अशा नोंदींची गोल फिरून वापरायची रांग म्हणजे रिंग. आयपर्फ नेटवर्कवर भार टाकून वेग मोजतो, आणि वॉचडॉग म्हणजे पाठवणं अडकलं की ओरडणारा कर्नलचा पहारेकरी.)

कोड दोनदा वाचला. रजिस्टरांची मांडणी नेटकी आहे, हार्डवेअर समजून घेऊन लिहिलंय हे दिसतं. अडचण तिकडे नाही. कर्नलशी जो व्यवहार ठरलेला असतो, तो काही जागी मोडलाय. (फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय, मोठ्यानं वाचलीत की मूळ नाव ओळखू येईल.)

शंभर फंक्शनं पाठ करून उपयोग नाही. मोंढ्यात सोयाबीनचं पोतं गाडीतून उतरलं की आडत्याच्या ताब्यात जातं, सौदा झाला की खरेदीदाराच्या. पोतं फुटलं तर भरपाई कोणी द्यायची हे त्या त्या क्षणी ताबा कोणाकडे आहे यावर ठरतं. ड्रायव्हरमध्ये ते पोतं म्हणजे एसकेबी, कर्नलमधलं पॅकेटचं स्ट्रक्चर. मदतीची बहुतेक फंक्शनं हा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात देण्यासाठीच आहेत. एखादं फंक्शन वापरताना ‘हे काय करतं’ एवढंच विचारू नका. ‘हे परत आल्यावर पॅकेट कोणाचं’ हेही विचारा. तुमच्या बऱ्याच चुका या दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबतात.

सुरुवात उभारणीपासून. अलॉक_इथरडेव्ह() ला तुमच्या खासगी स्ट्रक्चरचा आकार द्यायचा. ती नेट_डिव्हाइस आणि तुमची खासगी जागा एकाच सलग तुकड्यात देते आणि इथरनेटची नेहमीची मूल्यं भरून ठेवते: एमटीयू (एका चौकटीतला जास्तीत जास्त मजकूर) 1500, हेडर 14 बाइट, पत्ता 6 बाइट. खासगी जागेचा पॉइंटर नेटडेव्ह_प्रिव्ह() देते. ‘एकाच तुकड्यात’ हे ध्यानात ठेवा, मॉड्यूल काढतानाच्या तुमच्या अपघाताशी त्याचा संबंध आहे. त्यावर शेवटी येतो.

रजिस्टर_नेटडेव्ह() म्हणजे दुकान उघडल्याची दवंडी. दवंडी पिटली की गिऱ्हाईक कधीही येऊ शकतं. तुमच्या प्रोब (उपकरण सापडल्यावर चालणाऱ्या) फंक्शनची पुढची ओळ चालण्याआधी दुसऱ्या कोअरवर कोणीतरी इंटरफेस वर आणलेला असू शकतो आणि तुमचं एनडीओ_ओपन चालू झालेलं असू शकतं. नापी ही पॅकेटं गठ्ठ्यानं उचलण्याची कर्नलची सोय; तिचं नेटिफ_नापी_ॲड() तुम्ही रजिस्टर केल्यानंतर लिहिलंय. टेबलावर हे चालून गेलं, कारण इंटरफेस तुम्ही हातानं वर आणता. कारखान्यात बोर्ड सुरू होताना नेटवर्कची सेवा तयारच बसलेली असते. ऑप्स (तुमच्या फंक्शनांचा तक्ता), नापी, मॅक पत्ता, फायशी (तारेवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपशी) जोडणीला लागणारी माहिती, सगळं आधी; रजिस्टर सर्वांत शेवटी. मॅक पत्ता थेट डेव्ह_ॲडरमध्ये कॉपी करू नका, नव्या कर्नलमध्ये ते फील्ड कॉन्स्ट आहे, इथ_एचडब्ल्यू_ॲडर_सेट() वापरा. आणि रजिस्टर_नेटडेव्ह() आरटीएनएल (नेटवर्कच्या रचनेतले बदल एका वेळी एकालाच करू देणारं) कुलूप स्वतः घेते, तर रजिस्टर_नेटडिव्हाइस() ते तुम्ही आधीच घेतलंय असं धरून चालते. नावं सारखी दिसतात म्हणून एकीच्या जागी दुसरी टाकली की एक तर कुलपाशिवाय काम होतं, नाही तर स्वतःच्याच कुलपात अडकणं होतं.

आता पाठवण्याकडे येऊ. खरा मजकूर इथेच आहे.

कर्नल एनडीओ_स्टार्ट_एक्समिट ला हाक मारतो तेव्हा त्या रांगेचं पाठवण्याचं कुलूप घेतलेलं असतं आणि सॉफ्टइंटरप्ट बंद असतात. अर्थ एवढाच, की इथे झोपता येत नाही. म्युटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारं कुलूप) नाही, जीएफपी_कर्नलनं (झोपण्याची मुभा देणाऱ्या खुणेनं) मेमरी मागणं नाही, काही क्षण थांबून पुन्हा बघतो म्हणणं नाही. परत जाताना दोनच उत्तरं. नेटडेव्ह_टीएक्स_ओके म्हणजे ‘पॅकेट माझ्या ताब्यात आलं, पाठवीन किंवा टाकून देईन, तुम्ही विसरून जा.’ नेटडेव्ह_टीएक्स_बिझी म्हणजे ‘मी हातही लावलेला नाही, तुमचं तुमच्याकडेच.’ तुमच्या कोडमध्ये डीएमए मॅपिंग (मॅकला बफर थेट मेमरीतून वाचू देण्याची व्यवस्था) फसल्यावर तुम्ही एसकेबी मोकळा करता आणि बिझी परत देता. तुम्ही फेकलेलं पोतं कर्नल पुन्हा रांगेत लावतो आणि थोड्या वेळानं तेच, मोकळ्या झालेल्या मेमरीतलं, तुमच्याकडे परत पाठवतो. मॅपिंग क्वचित फसतं म्हणून हे अजून दिसलेलं नाही. तिथे डेव्ह_केफ्री_एसकेबी_एनी() म्हणा, टीएक्स_ड्रॉप्ड एकनं वाढवा, आणि ओके परत द्या. बिझीचा वापर शक्यतो करूच नये. रिंग भरायच्या आत रांग थांबवली तर ती वेळ येत नाही.

पुढची चूक गंभीर आहे आणि ती तुम्हाला पिंग-आयपर्फच्या चाचणीत दिसली नसती. इथरनेटची चौकट एफसीएस (शेवटचे तपासणीचे 4 बाइट) सोडून किमान 60 बाइटांची लागते. तुमचा मॅक स्वतः भरणी करत नाही, म्हणून डिस्क्रिप्टरमध्ये लांबी लिहिताना तुम्ही एसकेबीची लांबी आणि 60 यांतला मोठा आकडा घेतलाय. एआरपीचं (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारं) पॅकेट 42 बाइटांचं. उरलेले 18 बाइट कुठून आले? त्या बफरच्या पुढे मेमरीत जे पडलं होतं ते. तारेवर ते जसंच्या तसं गेलं. 2003 च्या जानेवारीत हीच चूक कितीतरी इथरनेट ड्रायव्हरांमध्ये असल्याचं उघड झालं होतं. इथरलीक म्हणून ती ओळखली जाते, सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-2003-0001. कोणाचा पासवर्ड, कोणाच्या फाइलचा तुकडा, काहीही त्या 18 बाइटांत असू शकतं. यासाठी इथ_एसकेबी_पॅड() आहे, ती शून्यं भरते. तिचाही ताब्याचा नियम वाचून घ्या: मेमरी मिळाली नाही तर ती एसकेबी स्वतःच मोकळा करते. म्हणजे ती फसली की तुम्ही पुन्हा मोकळा करायचा नाही. मुकाट्यानं ओके परत द्यायचं.

मग डीएमए. डीएमए_मॅप_सिंगल() केलं की तो बफर उपकरणाच्या ताब्यात गेला. डीएमए_अनमॅप_सिंगल() होईपर्यंत सीपीयूनं त्याला शिवायचं नाही. परत आलेला पत्ता डीएमए_मॅपिंग_एरर() नं तपासायचा, शून्याशी तुलना करून नाही. डिस्क्रिप्टर भरताना पत्ता आणि लांबी आधी लिहायची, मग डीएमए_डब्ल्यूएमबी(), आणि त्यानंतरच मालकीचा बिट (डिस्क्रिप्टर आता मॅकचा, ही खूण). हा बॅरियर, म्हणजे क्रम राखणारा अडसर, तुम्ही घातलेला नाही. एआरएम प्रोसेसर लिहिण्याचा क्रम बदलू शकतो. मालकीचा बिट आधी पोचला तर मॅक जुन्या पत्त्यावरचा माल उचलून पाठवतो. आणखी एक बारीक गोष्ट: घंटी वाजवल्यानंतर, म्हणजे डोअरबेल रजिस्टर लिहिल्यानंतर, तुम्ही बाइटांची मोजणी करायला एसकेबीची लांबी वाचता. तोवर दुसऱ्या कोअरवर पाठवणी पूर्ण होऊन तो एसकेबी मोकळाही झालेला असू शकतो. लांबी आधीच एका चलात घेऊन ठेवा.

आता तुमचा मुख्य आजार, रांग अडकण्याचा. तुमचा कोड असा चालतो: डिस्क्रिप्टर भरला, घंटी वाजवली, मोकळ्या जागा मोजल्या, त्या शून्य निघाल्या तर फाय_रीड() नं लिंक जिवंत आहे का पाहिलं, आणि मग नेटिफ_स्टॉप_क्यू(). पलीकडे पाठवणी पूर्ण झाल्यावर नापीच्या पोलमध्ये जागा मोकळ्या होतात, आणि रांग थांबलेली दिसली तर नेटिफ_वेक_क्यू().

साखर कारखान्याचं यार्ड डोळ्यापुढे आणा. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. फाटकावर एक राखणदार, आत गव्हाणीपाशी दुसरा. गव्हाण भरली की फाटकावरच्यानं आडवा बांबू टाकायचा. गाडी रिकामी झाली की गव्हाणीवरच्यानं फाटकाकडे बघायचं, बांबू आडवा दिसला तरच ‘सोड रे’ म्हणून हाळी द्यायची. एकदा काय झालं, फाटकावरच्यानं पाहिलं, गव्हाण भरलेली. तो बांबूकडे वळणार तेवढ्यात त्याला कोणीतरी बोलण्यात गुंतवलं. इकडे गव्हाणीवरच्या सगळ्या गाड्या रिकाम्या झाल्या. गव्हाणीवरच्यानं शेवटची गाडी मोकळी करून फाटकाकडे पाहिलं, बांबू वरच होता, म्हणून हाळी दिली नाही. मग फाटकावरचा बोलणं संपवून आला आणि त्यानं बांबू टाकला. आता आत एकही गाडी नाही, म्हणजे रिकामी व्हायलाही कोणी नाही, म्हणजे हाळीही येणार नाही. बाहेर रांग उभी, आत गव्हाण रिकामी, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

तुमच्या लॉगमध्ये हेच आहे. वॉचडॉग ओरडला त्या क्षणी तुम्ही हेड (भरलेल्या डिस्क्रिप्टरांची मोजणी) आणि टेल (आवरलेल्यांची मोजणी) छापलेत हे फार चांगलं केलंत. दोन्ही 41,872. म्हणजे रिंग पूर्ण रिकामी, तरी रांग थांबलेली. एनडीओ_टीएक्स_टाइमआउट मध्ये हे आकडे कायम छापा, निदान त्यातूनच होतं. हेड-टेल सारखे आणि रांग थांबलेली असेल तर वर सांगितलेला राखणदारांचा घोळ, म्हणजे दोन कोअरांमधली शर्यत (रेस). जुन्या डिस्क्रिप्टरवर अजून हार्डवेअरची मालकी असेल तर मॅक अडकलाय किंवा बॅरियर चुकलाय. हार्डवेअरनं काम पूर्ण केलंय पण तुम्ही ते उचललेलं नाही असं दिसलं तर इंटरप्ट हरवलाय. तीन आजार, बाहेरून लक्षण एकच.

आणि फाय_रीड() चं तिथे असणं. एमडीआयओ म्हणजे फायशी बोलण्याची दोन तारांची बस. क्लॉज 22 च्या पद्धतीनं तिच्यावर एका रजिस्टरचं वाचन म्हणजे प्रस्तावनेसकट 64 बिट, 2.5 मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ते 25.6 मायक्रोसेकंद होतात. किमान आकाराची चौकट गिगाबिटवर, मधलं अंतर धरून, 672 नॅनोसेकंदांत जाते. अशा 16 चौकटी पावणेअकरा मायक्रोसेकंदांत संपतात. दोन्ही बाजूंनी आयपर्फ लावला की टीसीपीच्या पोचपावत्या अशाच लहान असतात. म्हणजे तुमचा राखणदार बोलण्यात गुंततो तेवढ्या वेळात अख्खी गव्हाण दोनदा रिकामी होऊ शकते. एरवी ही फट इतकी अरुंद असते की वर्षभरात एखादेवेळी सापडली असती. तुम्ही ती हातानं रुंद केलीय.

शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक ही तक्रारही त्याच ओळीची. फाय_रीड() एमडीआयओ बसचा म्युटेक्स घेते. म्युटेक्स मोकळा असला तर न झोपता मिळतो, म्हणून बहुतेक वेळा काहीच कळत नाही. पण तुमच्या फायला इंटरप्ट जोडलेला नाही, म्हणून फायलिब (फाय सांभाळणारा कर्नलचा भाग) दर सेकंदाला तिची चौकशी करते. तुमचं वाचन नेमकं त्या चौकशीच्या वेळी आलं की म्युटेक्स व्यापलेला, मग झोपावं लागतं, आणि जिथे झोपायला मनाई आहे तिथे झोपल्याबद्दल कर्नल ओरडतो. म्हणून ‘अधूनमधून’.

लिंकची चौकशी पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये करायचीच नाही. ओपनमध्ये ऑफ_फाय_कनेक्ट() आणि फाय_स्टार्ट() करा. लिंक आली-गेली की फायलिब तुमच्या ॲडजस्ट_लिंक ला कळवते आणि नेटिफ_कॅरिअर_ऑन(), नेटिफ_कॅरिअर_ऑफ() तीच करते. कॅरिअर नसला की कर्नल तुमच्याकडे पॅकेट आणतच नाही. तुम्ही फक्त मॅकचा वेग आणि डुप्लेक्स जुळवायचा.

राहिली शर्यत. इलाज असा: बांबू आधी टाकायचा आणि मग पुन्हा एकदा गव्हाणीकडे बघायचं. नेटिफ_स्टॉप_क्यू(), त्यानंतर एसएमपी_एमबी() (कोअरांमधला बॅरियर), मग मोकळ्या जागा पुन्हा मोजायच्या. जागा दिसली तर स्वतःच रांग परत सुरू करायची. पलीकडच्या बाजूलाही तसंच: टेल पुढे सरकवायचा, एसएमपी_एमबी(), मग नेटिफ_क्यू_स्टॉप्ड() बघायचं. दोन्हीकडे बॅरियर हवाच. एकीकडे असून चालत नाही, कारण दोघंही आपण लिहिलेलं समोरच्याला दिसण्याआधीच समोरच्याचं जुनं वाचून बसू शकतात. नव्या कर्नलमध्ये हे सगळं नेटिफ_टीएक्सक्यू_मेबी_स्टॉप() या मॅक्रोत बांधून दिलंय. तुमच्या कर्नलमध्ये तो असेल तर हातानं लिहू नका.

हे एवढ्या तपशिलानं सांगतोय कारण मी स्वतः हे भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचं गेटवे बोर्ड बसवलं होतं. गाडीचं भरतीचं वजन, रिकामं वजन, दोन्ही त्यातून कार्यालयात जायचं. ड्रायव्हर माझा. गळीत हंगाम ऐन भरात आणि रात्री-अपरात्री बोर्ड गप्प व्हायचं. वीज काढून घातली की परत चालू. काटाघरात तीन रात्री बसलो. बाहेर थंडीत शेतकरी गाड्यांखाली पोती अंथरून पडलेले, त्यांचा नंबर माझ्या कोडमुळे अडलेला. चौथ्या रात्री हेड आणि टेल छापले आणि दोन्ही सारखे दिसले. दुरुस्ती चार ओळींची होती. तेव्हापासून स्टॉप आणि वेक या दोन फंक्शनांचा वापर दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतल्याशिवाय मी कोड बाहेर जाऊ देत नाही.

स्टार्ट आणि वेक यांतला फरकही इथेच सांगतो. नेटिफ_स्टार्ट_क्यू() फक्त थांबल्याची खूण पुसते. नेटिफ_वेक_क्यू() खूण पुसते आणि साचलेली पॅकेटं पाठवायला रांगेला उठवते. ओपनमध्ये स्टार्ट पुरे. पोलमध्ये वेकच लागतं. आणि एकच जागा मोकळी झाली की लगेच उठवू नका. रिंगेचा पाव भाग तरी मोकळा होऊ द्या, नाहीतर थांब-चाल-थांब यातच वेळ जातो.

पाठवून झालेले एसकेबी वेळेवर मोकळे करणं हेही तुमचं कर्तव्य. काही जण ते ‘पुढचं पॅकेट पाठवायला येईल तेव्हा’ आवरतात, इंटरप्ट वाचवण्यासाठी. पुढचं पॅकेट आलंच नाही तर? ज्या सॉकेटनं ते पाठवलं त्याच्या खात्यावर ती मेमरी अजून मांडलेलीच असते. बफर भरला म्हणून तो पुढचं पाठवत नाही, आणि तो पाठवत नाही म्हणून ड्रायव्हर आवरत नाही. पाठवणी पूर्ण झाल्याचा इंटरप्ट चालू ठेवा, नापीच्या पोलमध्ये आवरा, तिथे नापी_कन्झ्युम_एसकेबी() वापरा. जे पॅकेट नीट गेलं त्यासाठी केफ्री_एसकेबी() वापरलं तर गळती शोधणारी साधनं ते टाकून दिलेलं पॅकेट समजतात, आणि मग जिथे गळती नाही तिथे शोधत बसावं लागतं.

हे जमलं की नेटडेव्ह_सेंट_क्यू() आणि नेटडेव्ह_कम्प्लीटेड_क्यू() जोडा. बाइट क्यू लिमिट्स म्हणतात ती सोय, 2012 च्या 3.3 कर्नलपासून आहे. रिंगेत गरजेपेक्षा जास्त बाइट साचू देत नाही, त्यामुळे मोठी फाइल जात असतानाही लहान, तातडीच्या पॅकेटला उशीर होत नाही. कारखान्यातल्या कंट्रोलसाठी ते महत्त्वाचं आहे. स्टॉपमध्ये रिंग रिकामी करताना नेटडेव्ह_रीसेट_क्यू() विसरलात तर हिशेब जुळत नाही आणि पुढच्या वेळी इंटरफेस वर आणल्यावर रांग पुन्हा अडकते.

घेण्याच्या बाजूवर थोडक्यात, कारण तुमचा तिकडचा कोड बराच बरोबर आहे. गिगाबिटवर लहानात लहान चौकटी सेकंदाला 14,88,095 येऊ शकतात. दर चौकटीला एक इंटरप्ट घेतला तर सीपीयू दुसरं काही करूच शकत नाही. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी 2001 मध्ये त्यावर नापीची मांडणी केली: पहिल्या इंटरप्टला दार लावायचं, पोलमध्ये ठराविक संख्येपर्यंत पॅकेटं उचलायची, संपली की दार उघडायचं. ती संख्या म्हणजे बजेट, एरवी 64. बजेट पूर्ण वापरलं तर तेवढीच संख्या परत द्यायची आणि नापी_कम्प्लीट_डन() ला हाक मारायची नाही. कर्नल स्वतःच परत बोलावतो. कमी वापरलं तर आधी नापी_कम्प्लीट_डन(), आणि तिनं होकार दिला तरच इंटरप्ट उघडायचा. तुम्ही इंटरप्ट आधी उघडलाय, त्या दोन ओळींची अदलाबदल करा. बजेट शून्य येण्याचीही वेळ असते, नेटकन्सोल (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारी सोय) वापरताना. तेव्हा पाठवलेलं आवरायचं, आलेल्याला हात लावायचा नाही.

आलेलं पॅकेट वर देण्याआधी त्या जागी ठेवायला नवा बफर मिळतोय का ते बघा. नाही मिळाला तर आलेलं पॅकेट टाकून द्या आणि तोच बफर रिंगेत परत ठेवा. पॅकेट गेलं तर टीसीपी पुन्हा मागून घेईल. रिंग रिकामी झाली तर इंटरफेस कायमचा बहिरा होतो. हार्डवेअरनं सांगितलेली लांबी तपासल्याशिवाय एसकेबी_पुट() ला देऊ नका, बफरपेक्षा मोठी निघाली तर कर्नल तिथेच पॅनिक होतो. तुमचा मॅक एफसीएसचे 4 बाइट लांबीत धरतो, ते वजा करा. मग इथ_टाइप_ट्रान्स(), ती प्रोटोकॉल ओळखून 14 बाइटांचं हेडर मागे टाकते, आणि नापी_जीआरओ_रिसीव्ह(). ती परत आली की एसकेबी तुमचा नाही. त्यानंतरच्या ओळीत तुम्ही आकडेवारीसाठी त्याची लांबी वाचलीय. पाठवण्याच्या बाजूला हीच चूक होती.

(बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीत एसपीआय या सिरियल बसवरची ईएनसी28जे60 ही इथरनेटची चिप वापरायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे गणित वेगळं. एसपीआयचा व्यवहारच झोपणारा, म्हणून एक्समिटमध्ये रांग थांबवून एसकेबी बाजूला ठेवायचा आणि खरं पाठवणं वर्कक्यूत (जिथे झोपायची मुभा असते त्या कामांच्या रांगेत) करायचं. कर्नलमधला त्याचा तयार ड्रायव्हर तसाच लिहिलेला आहे, तो वाचा. नवा लिहू नका.)

आता मॉड्यूल काढतानाचा अपघात. तुमच्या रिमूव्हमध्ये क्रम असा: फ्री_नेटडेव्ह(), मग खासगी स्ट्रक्चरमधून रजिस्टरांचा पत्ता घेऊन आयओअनमॅप(), मग इंटरप्ट सोडणं. खासगी जागा नेट_डिव्हाइसच्या त्याच तुकड्यात आहे हे वर म्हटलं होतं. तुकडा परत केल्यावर त्यातला पत्ता वाचणं म्हणजे घर विकून झाल्यावर कपाटातले दागिने काढायला जाणं. शिवाय अनरजिस्टर_नेटडेव्ह() तुम्ही लिहिलेलंच नाही. उभारणीच्या बरोबर उलट क्रमानं जा: पहिल्यांदा अनरजिस्टर_नेटडेव्ह(), इंटरफेस वर असेल तर तीच तुमचं एनडीओ_स्टॉप चालवते. मग टाइमआउटनंतर रीसेट करणारं तुमचं वर्क कॅन्सल_वर्क_सिंक() नं थांबवा, ते अजून कुठेतरी चालू असू शकतं. मग इंटरप्ट, रजिस्टरं. फ्री_नेटडेव्ह() सगळ्यांत शेवटी.

स्टॉपमध्ये नेटिफ_टीएक्स_डिसेबल() वापरा, नुसतं स्टॉप नको. ती दुसऱ्या कोअरवर चालू असलेलं एक्समिट संपेपर्यंत थांबते. मग फाय_स्टॉप(), नापी_डिसेबल(), हार्डवेअर बंद, आणि त्यानंतरच रिंगेतले बफर अनमॅप करून मोकळे करा. नापी_डिसेबल() एकामागोमाग दोनदा केली तर दुसरी कधीच परत येत नाही. तुमच्या रीसेटच्या रस्त्यावर ही शक्यता आहे, तिथे नीट बघा.

तपासणीसाठी कर्नल पुन्हा बांधा आणि त्यात कॉन्फिग_डीबग_ॲटॉमिक_स्लीप, कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग आणि कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग चालू करा. पहिला असता तर फाय_रीड() ची चूक रिंग पहिल्यांदा भरली तेव्हाच पकडली गेली असती, म्युटेक्स मोकळा असो वा नसो. तिसरा, मॅपिंग तपासलं नाही किंवा अनमॅप राहिलं की नावानिशी सांगतो. वेग कमी होईल, होऊ द्या. त्या कर्नलवर आयपर्फ दोन्ही बाजूंनी रात्रभर लावा, आणि त्याच वेळी दर काही सेकंदांनी इंटरफेस खाली-वर करणारी स्क्रिप्ट चालवा. केबल हातानं काढ-घाल करा. सकाळी मॉड्यूल शंभरदा काढा-घाला.

वाळूजला बोर्ड नेण्याआधी एक्समिट, पोल आणि रिमूव्ह ही तीन फंक्शनं बदलून मला परत पाठवा. इथरलीकची ओळ मात्र आजच दुरुस्त करा. आणि दुसऱ्या मशीनवर टीसीपीडंप या पॅकेटं पकडणाऱ्या साधनानं एआरपीचं पॅकेट हेक्समध्ये उघडून बघा, 42 व्या बाइटानंतर शून्याचे 18 बाइट दिसले पाहिजेत.